एकशेवीस पानांचं कार्ट्रिज निम्म्यावरच का संपतं? कोकणातल्या घरांसाठी प्रिंटरची पारख

निकाल आधीच सांगून टाकतो. दोन छोट्या कार्ट्रिजांवर, म्हणजे शाईच्या डब्यांवर, चालणारा स्वस्तातला इंकजेट (शाईचे थेंब उडवून छापणारा प्रिंटर) कोकणातल्या घरात नव्याने घेऊ नये. आधीच घेतला असेल तर भंगारात काढायची गरज नाही, पण त्यातली शाई कुठे जाते ते समजून घेतल्याशिवाय तो परवडणार नाही. आपल्याकडे महिन्याला पंधरा-वीस पानं छापणारं घर असतं, पावसाळ्यात दिवसातून तीनदा लाइट जाते, आणि अशा घरात बरीचशी शाई कागदापर्यंत पोचतच नाही.

खोक्यावरचा आकडा नीट वाचा. एचपीच्या ८०५ क्रमांकाच्या काळ्या कार्ट्रिजमधून सुमारे १२० पानं निघतात, त्याच्या तिरंगी जोडीदारातून सुमारे १००. ६८२ क्रमांकाचं काळं सुमारे ४८० पानांचं, तिरंगी १५०चं. हे आकडे खोटे नाहीत. ते आयएसओ/आयईसी २४७११ या मानकाप्रमाणे काढलेले असतात, आणि त्या चाचणीत दोन गोष्टी गृहीत असतात. पहिली, पानावर एकेका रंगाची शाई साधारण ५ टक्केच भागावर लागते. ए-४ कागदाचं क्षेत्रफळ ६२४ चौरस सेंमी, त्याचे ५ टक्के म्हणजे ३१ चौरस सेंमी. साडेपाच सेंमी बाजूचा एक चौकोन काळा केला की झालं चाचणीचं पान. दुसरी, छपाई जवळजवळ अखंड चालते. प्रिंटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत नाही, आठ-दहा दिवस नुसता पडून राहत नाही.

आता घरात काय छापलं जातं ते बघा. दाट मजकुराचा अर्ज, रंगीत पट्ट्यांचं ई-आधार, वीजबिल, मुलांच्या प्रकल्पासाठी किल्ल्याचं चित्र. ४ × ६ इंचाच्या एका फोटोत दीडशे चौरस सेंमी भाग रंगाने गच्च भरतो, म्हणजे पाच चाचणी-पानांइतका. मोठ्या आकाराचं चित्र काढलं की हिशोब आणखी बिघडतो. मराठी मजकुरात शिरोरेषा प्रत्येक ओळीवर आडवी धावते, तीही शाई खाते. मंगल फॉण्टऐवजी कोकिळा किंवा अपराजिता वापरला तर रेघा बारीक पडतात आणि शाई थोडी वाचू शकते. अक्षर लहान दिसतं, तेव्हा आकार दोन अंकांनी वाढवून घ्या.

पण खरी गळती या कारणांनी होत नाही, ती होते सफाईत. इंकजेटच्या हेडला, म्हणजे शाई उडवणाऱ्या भागाला, केसापेक्षा बारीक छिद्रं असतात. शाई त्यांत वाळू नये म्हणून प्रिंटर सुरू होताना थोडी शाई आतल्या स्पंजावर उडवतो, कधी पंपाने ओढून काढतो. काम संपलं की हेड उजव्या टोकाला जाऊन रबरी टोपीवर बसतं, आणि छिद्रं झाकली जातात. मात्र प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला किंवा काम संपून शांत उभा असला, तरच हे नीट होतं. छपाई चालू असताना लाइट गेली, किंवा एक्स्टेन्शन बोर्डाचा खटका थेट दाबला, की हेड वाटेतच उघडं राहतं. लाइट आल्यावर प्रिंटर पुन्हा चालू झाला की सफाई करतो. जून ते सप्टेंबर वीज येते-जाते, तेवढ्या वेळा शाई स्पंजात जाते. कार्ट्रिजमध्ये शाईच मुळात काही मिली असते, तिथे हे परवडत नाही.

उपाय स्वस्त आहे. आधी प्रिंटरचं बटण दाबा, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट बघा, मगच बोर्डाचा खटका बंद करा. विजा कडाडत असतील तेव्हा पिनही काढून ठेवा, पण क्रम हाच. घरी संगणकासाठी ६०० व्हीएचा साधा यूपीएस असेल तर इंकजेट त्याच्यावर खुशाल लावा, छापताना तो दहा-वीस वॉटच्या आसपासच घेतो. आपल्या भागात शाई वाचवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

तिरंगी कार्ट्रिज हा या प्रिंटरांचा सगळ्यात मोठा दोष. निळा, किरमिजी आणि पिवळा एकाच डबीत तीन कप्प्यांत असतात. एक कप्पा संपला की बाकी दोघांतली शाई असूनही डबी बदलावी लागते. शिवाय काळं पान छापतानाही अनेक प्रिंटर रंगीत शाया मिसळून काळा रंग तयार करतात, विशेषतः कागदाचा प्रकार ‘फोटो’ किंवा दर्जा ‘बेस्ट’ ठेवला असेल तर. म्हणून संगणकावर छपाईच्या सेटिंगमध्ये, प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये, जाऊन कागद ‘प्लेन’, दर्जा ‘ड्राफ्ट’ आणि रंग ‘ग्रेस्केल’ असं कायमचं ठरवून ठेवा. एचपीमध्ये ‘ब्लॅक इंक ओन्ली’ असा वेगळा पर्याय दिसला तर तोच निवडा. नुसतं ग्रेस्केल म्हटलं की रंगीत शाई वापरली जाऊ शकते. एचपीच्या दोन कार्ट्रिजांच्या बहुतेक डेस्कजेटमध्ये संपलेलं तिरंगी काढून ठेवलं तर एकट्या काळ्यावर काम चालतं. कॅननच्या पिक्स्मात ‘शाई संपली’ म्हणून छपाई अडली की स्टॉपचं बटण पाच सेकंद दाबून धरा, शाईची मोजणी बंद होते आणि छपाई पुढे चालते. कारण प्रिंटर शाई प्रत्यक्ष बघत नसतो, उडवलेल्या थेंबांचा हिशोब करून अंदाज देतो. इशारा आल्यावरही अक्षर स्वच्छ येत असेल तर छापत राहा. पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या की मात्र लगेच थांबा. एचपी आणि कॅननच्या कार्ट्रिजमधलं हेड शाई तापवून थेंब उडवतं, आणि तीच शाई हेडला थंडही ठेवते. कोरडं चालवलं तर हेड जळतं, मग ते भरूनही उपयोग नाही.

शाई असूनही उमटत नसेल तर संगणकातून सफाईवर सफाई चालवू नका. कार्ट्रिज बाहेर काढा. धागे न सुटणारं फडकं कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळा, त्यावर छिद्रांची बाजू खाली करून मिनिट-दोन मिनिटं ठेवा. मग कोरड्या टिश्यूवर हलकेच टेकवा. काळ्याची एक पट्टी आणि तिरंगीच्या तीन स्वच्छ पट्ट्या उमटल्या की हेड मोकळं झालं. घासायचं अजिबात नाही. समुद्राजवळच्या घरांत आणखी एक त्रास होतो. खारट दमट हवेने तांब्याच्या रंगाच्या संपर्कपट्ट्या खराब होतात आणि प्रिंटर ‘कार्ट्रिज ओळखता येत नाही’ म्हणतो. कार्ट्रिजच्या आणि खाचेतल्या, दोन्ही पट्ट्या किंचित ओलसर फडक्याने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या, मग बसवा. नवं कार्ट्रिज विकत घेण्याआधी हे करून बघाच.

रिफिल करायचं तर सिरिंजने, सावकाश. छोट्या काळ्यात एका वेळी ३ ते ४ मिली, तिरंगीच्या प्रत्येक कप्प्यात २ मिलीच्या आत. आत फोम असतो. घाईने ढकलली की शाई कडेने वर येते आणि रंग एकमेकांत मिसळतात. पूर्ण कोरडं होण्याआधी भरलेलं कार्ट्रिज जास्त टिकतं. तीन-चार वेळा भरल्यावर हेड थकतं, त्यापुढे हट्ट करू नये. स्वतःचं मूळ कार्ट्रिजच भरून घ्या. एचपीच्या ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ असलेल्या प्रिंटरांत परक्या चिपचं कार्ट्रिज एखाद्या अपडेटनंतर अडवलं जाऊ शकतं, मूळ चिप असलेलं रिफिल चालतं.

आता पर्यायाकडे. एप्सनचे एल३२१० आणि एल३२५० हे टाकीचे प्रिंटर, म्हणजे बाटलीतून शाई टाकीत ओतायचे, ००३ क्रमांकाच्या शाईवर चालतात. काळी बाटली ६५ मिलीची, सुमारे ४,५०० पानं. तिन्ही रंग मिळून सुमारे ७,५००. कार्ट्रिज समजा ९०० रुपयांचं आणि छापलीत सांगितलेली सगळी १२० पानं, तर पानामागे साडेसात रुपये. निम्मी शाई सफाईत गेली तर पंधरा. बाटली समजा ४०० रुपयांची, तर पानामागे नऊ पैसे. त्यातही निम्मी वाया गेली तरी अठरा. कागदच शाईहून महाग पडतो. पहिल्या भरणीत मात्र बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यात जाते, त्यामुळे खोक्यासोबतच्या बाटल्यांवर पूर्ण पानं निघत नाहीत.

कोकणासाठी निवड करताना किमतीपेक्षा शाईची जात आधी बघा. ००३ मधली काळी शाई डायची आहे, म्हणजे पाण्यात विरघळणारी. पावसात भिजलेल्या पिशवीतून तलाठ्याकडे नेलेल्या अर्जावरची शाई फुटते, हापूसच्या पेटीवरचं लेबल घामट हाताने पसरतं. कॅननच्या जी२०१० आणि जी३०१० मध्ये जीआय-७९० ही शाई लागते. तिची काळी बाटली १३५ मिलीची, सुमारे ६,००० पानांची, आणि रंगद्रव्याची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या कणांची, असते. वाळल्यावर ती पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. कागदपत्रं आणि लेबलं जास्त छापणाऱ्या घराला, बागायतदाराला, होमस्टेवाल्याला म्हणूनच कॅननचा हा प्रकार सुचवेन. तिथे हेडही कार्ट्रिजसारखं काढून बदलता येतं. एप्सनचं हेड शाई तापवत नाही, त्यामुळे ते दीर्घकाळ टिकतं, पण तुंबलं तर सर्व्हिसचा माणूस लागतो. देवगड किंवा गुहागरच्या आतल्या वाडीत तो कधी येईल ते विचारून घ्या.

टाकीचा प्रिंटर घेतला म्हणजे निश्चिंत, असं नाही. आठवड्याला चारही रंग असलेलं एक पान छापायचं. पट्ट्या तुटक आल्या तर नॉझल चेक (छिद्रं मोकळी आहेत का बघणारं पान), मग साधी सफाई, असं तीनदा. तरी सुधारणा नसेल तर एप्सनमध्ये १२ तास थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. ‘पॉवर क्लीनिंग’, म्हणजे जास्त शाई वापरणारी जोरदार सफाई, अगदी शेवटी, टाक्या किमान एक-तृतीयांश भरलेल्या असतानाच, आणि दोन वेळांत १२ तासांचं अंतर ठेवून. शाई टाकीवरच्या खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नका, नळ्यांत हवा शिरते. गणपतीत प्रिंटर गाडीतून गावाला न्यायचा झाला तर तो आडवा-तिरपा होता कामा नये. सफाईची सगळी शाई एका शोषक गादीत साठते. ती भरली की प्रिंटर अडतो. कॅननच्या जुन्या जी मालिकेत ५बी०० हा दोष दिसतो तो हाच. जी३०२० सारख्या नव्या मॉडेलात वाया गेलेली शाई साठवणारी एमसी-जी०२ नावाची डबी असते, ती घरीच बदलता येते. वारंवार लाइट जाणाऱ्या गावात ही सोय महत्त्वाची, त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत.

फक्त काळंच छापायचं आणि तेही महिन्यातून एकदा असेल, तर लेझर उत्तम. टोनर ही भुकटी, ती वाळत नाही. कॅननच्या एलबीपी२९०० सारख्या जुन्या, भरवशाच्या यंत्राचं ३०३ टोनर सुमारे २,००० पानं देतं आणि तालुक्याच्या गावात ते भरूनही मिळतं. मात्र छापताना त्याची तापणारी पट्टी एकदम मोठा भार ओढते. घरच्या छोट्या यूपीएसवर लेझर लावू नये.

राहिला कागद. पावसाळ्यात रिम उघडी ठेवली तर कागद ओल धरतो, शाई तंतूंतून पसरते, अक्षर जाड दिसतं, आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. ट्रेमध्ये वीस-पंचवीस पानंच ठेवा. बाकीची रिम तिच्याच वेष्टनात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो फळीवर, भिंतीपासून दूर. आणि शाई विकत घेताना खोक्यावरची तारीख वाचा. छोट्या बाजारपेठेत माल लवकर खपत नाही, मुदतीच्या काठावरचं कार्ट्रिज त्याच किमतीत गळ्यात मारलं जातं.