ल्युपसमधलं गरोदरपण: नुसती ॲस्पिरिन की जोडीला हेपॅरिनही?

मैत्रिणीला ल्युपस आहे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), दिवस गेलेत, आणि हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, सुई रोज पोटात टोचायच्या कल्पनेनेच ती हबकलीये. गरोदरपणात रक्त तसंही लवकर गोठतं. ल्युपसमध्ये धोका आणखी वाढतो.

त्रास पाहिला तर ॲस्पिरिन सोपी, रोज एक छोटी गोळी. हेपॅरिनची सुई रोजची, वर काळेनिळे डाग, बऱ्याचदा बाळंतपणानंतरही 6 आठवडे. पण हेपॅरिन वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचत नाही, हा मला मोठाच दिलासा वाटतो. कमी मात्रेची ॲस्पिरिनही सुरक्षित मानतात.

ॲस्पिरिनचं मुख्य काम प्री-एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब घातक वाढण्याचा, धोका कमी करणं. शिरेतल्या गुठळीपुढे ती एकटी अपुरी.

अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्तात गुठळ्या व्हायला मदत करणारी प्रथिनं, रक्ततपासणीत कळतात) नाहीत, पूर्वी गुठळी नाही, अशा बहुतेकींना गोळी पुरते. अँटिबॉडी आहेत आणि वारंवार गर्भपात किंवा गुठळी झालीये, तिने डॉक्टरांनी सांगितलेली सुई टाळू नये.