कल्चर विकत आणावं की घरचंच विरजण लावावं?

कंपोस्टचा डबा घरात आला की दुसऱ्या दिवशी कल्चरचा, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या मिश्रणाचा प्रश्न येतो. नर्सरीवाला पावडरीचं पाकीट पुढे करतो, शेजारच्या काकू आंबट ताक आणि गूळ सांगतात, सासरे गावाहून फोनवर म्हणतात, "अरे, शेण टाक की." पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीत गेली सहा वर्षं मी हे सगळं आळीपाळीने करून पाहिलं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पैसे कशावर घालावेत आणि कशावर नाही, एवढंच इथे सांगतो.

कल्चरला सगळेच विरजण म्हणतात. उपमा गोड आहे, पण अर्धीच लागू पडते. दूध आपण उकळतो, त्यातले जिवाणू मरतात, म्हणून विरजण लावावं लागतं. केळीची साल कुणी उकळत नाही. ती येतानाच आपले जिवाणू आणि बुरशी अंगावर घेऊन येते. त्यामुळे कल्चर न घालताही खत होतंच. कल्चर वाचवतं ते सुरुवातीचे काही दिवस.

मग पावडरीने इतका फरक का जाणवतो? पाकिटातली चिमूटभर पावडर तळहातावर घेऊन बघा. बहुतेक पाकिटांत तपकिरी, हलकं, कोरडं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) किंवा लाकडाचा भुसा असतो आणि त्यात जिवाणू मिसळलेले असतात. स्वयंपाकघरातल्या सालींमध्ये ८०-९० टक्के पाणी असतं, खत नीट मुरायला ५० ते ६० टक्के ओल लागते. शिवाय एका भागाला नत्र तर २५-३० भाग कार्बन हवा, आणि भाजीच्या देठा-सालींत तो कमी पडतो. कोकोपीट दोन्ही कामं करतं, पाणी शोषतं आणि कार्बन पुरवतं. वास गेला की श्रेय मात्र जिवाणूंना मिळतं.

एकदा दोन बादल्या शेजारी ठेवल्या. दोन्हींत सारखाच ओला कचरा, सारखाच चुरलेला पाला. एकीत कल्चर, दुसरीत जुन्या खताच्या दोन मुठी. पाचव्या दिवशी कल्चरच्या बादलीत पांढरी बुरशी जास्त दिसली, हाताला ऊबही लागली. सातव्या आठवड्यात चाळणीतून काढलं तेव्हा कोणतं कुठलं हे मला सांगता आलं नाही. दोन बादल्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण त्यानंतर मी पाकीट आणलेलं नाही.

पाकिटांवर 'उष्णताप्रिय जिवाणू' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. मीटरभर उंच ढिगाचं तापमान ५५-६० अंशांवर जातं, कारण आतली ऊब आतच कोंडते. वीस लिटरच्या डब्यातली ऊब चहूबाजूंनी निघून जाते, तिथे या जिवाणूंना काम करायला गरमीच मिळत नाही. म्हणूनच घरच्या खतातून टोमॅटोची आणि मिरचीची रोपं आपोआप उगवतात. बिया मेलेल्याच नसतात.

ताक-गुळाबद्दल जरा अनुभवाने बोलतो. मे महिन्यात कलिंगडाच्या सालींवर मी वाटीभर आंबट ताक आणि गुळाचं पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर चिलटांचा ढग तोंडावर आला आणि चार दिवस घरात कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. ताकातले जिवाणू साखर पटकन खातात आणि आंबटपणा वाढवतात. कोबीचा दांडा किंवा मक्याचं बुरकुंड फोडणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. कोरड्या पाल्यावर ताक शिंपडलं तर ठीक, रसदार सालींवर मुळीच नको.

शेणाचं मात्र तसं नाही. गाईच्या पोटातच गवत-कडबा पचवणारे जिवाणू असतात, ते शेणातून आयते मिळतात. ताजं शेण मिळत असेल तर पातळ काला करून पाल्यावर शिंपडा. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने २०१५ मध्ये आणलेलं वेस्ट डीकंपोजर शेणातल्याच जिवाणूंपासून केलेलं. बाटली तेव्हा वीस रुपयांची, २०० लिटर पाण्यात दोन किलो गूळ घालून ती वाढवायची, रोज ढवळायचं, आठवड्याभरात द्रावण तयार. शेताला उत्तम. फ्लॅटमध्ये प्रमाण दहापट घटवलं तरी वीस लिटर द्रावण उरतं, आणि आपल्या डब्यात आधीच पाणी जास्त! गच्चीवर बाग असेल तर जरूर करा, गॅलरीसाठी नको.

मासे, मटण किंवा रोजचं खरकटं टाकायचं असेल तर मात्र सगळा हिशोब बदलतो. तिथे बोकाशी, म्हणजे हवाबंद डब्यात कचरा आंबवायची पद्धत. ओकिनावाचे प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी पुढे आणलेल्या जिवाणू-मिश्रणात भिजवून मुरवलेला कोंडा थराथराने घालायचा आणि डबा हवाबंद ठेवायचा. खाली तोटी हवी, साठणारं पाणी काढत राहायचं. डबा भरला की दोन आठवडे हात लावायचा नाही. इथे कल्चर वगळून चालतच नाही, कारण हवा नसताना आंबवणारे जिवाणू वरचढ ठरले नाहीत तर आत सरळ सडका कचरा होतो. पण दोन आठवड्यांनी निघतं ते खत नव्हे, कचऱ्याचं लोणचंच म्हणा. ते मातीत पुरून आणखी तीन-चार आठवडे ठेवावं लागतं. त्यासाठी एखादं मोठं घमेलं किंवा मातीचा टब नसेल तर बोकाशी घेऊ नका.

आणि जुनं खत. फुकट, बिनवासाचं आणि तुमच्याच घरच्या कचऱ्यावर पोसलेलं. इंदूरला शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२०च्या दशकात जी पद्धत बसवली, तिच्यातही नव्या खड्ड्याला मुरू लागलेल्या दुसऱ्या खड्ड्यातला माल लावायचे.

पहिल्यांदाच करताय आणि ओळखीत कुणाकडे खत नाही? मग कल्चरचं सर्वांत छोटं पाकीट एकदाच आणा, तारीख बघून, उन्हात तापलेल्या शेल्फवरचं नको. उरलेल्या पैशांत पोतंभर पाला गोळा करा किंवा सुताराकडून भुसा आणा. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंक असतो. ओल्याच्या एका वाटीला कोरड्याची एक वाटी इथून सुरुवात करा आणि मूठ दाबून बघा. थेंब गळाले तर पाला वाढवा, मूठ उघडल्यावर गोळा विस्कटला तर पाणी शिंपडा. पहिला घाणा चाळला की दोन मुठी बाजूला काढून ठेवा.