आखडलेली मूठ: गोळी घ्यावी की इंजेक्शन?

अर्धांगवायूनंतर आईचा डावा हात सुरुवातीला लुळा होता, मग आठवड्यागणिक आखडत गेला. कोपर दुमडलं, अंगठा तळव्यात गेला, मूठ मिटली. साधी जांभई आली तरी हात आपोआप छातीशी यायचा. आंघोळीला बसवून एकेक बोट सोडवलं, तर तळव्यावर नखांचे वण आणि कुबट वास. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: बॅक्लोफेनची गोळी, नाहीतर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, म्हणजे ज्याला सगळे बोटॉक्स म्हणतात ते.

गोळी स्वस्त पडते. थोड्या डोसपासून, बहुधा ५ मिलिग्रॅमपासून, सुरू करून वाढवत नेतात. पण ती मुख्यतः मज्जारज्जूवर काम करते, त्यामुळे परिणाम हातापुरता राहत नाही. झापड येते, अंग सैल पडतं. आई ताठ पायावरच भार देऊन संडासापर्यंत जायची. डोस वाढला तसे तिचे गुडघे मुडपायला लागले. किडनी कमजोर असेल तर डोस आणखी जपून. आणि गोळ्या संपल्या म्हणून एकदम थांबवू नका, भास होतात, फिट येऊ शकते. हाताबरोबर पायही त्रास देण्याइतके ताठ असतील, तर मात्र गोळी रास्त.

इंजेक्शन नेमक्या आखडलेल्या स्नायूत देतात. आकुंचन पावायला सांगणारा नसेचा निरोप तिथे अडतो. आठवडाभरात फरक जाणवू लागतो, महिना-दीड महिन्यात सगळ्यात जास्त दिसतो, तीन-चार महिन्यांत उतरतो. पुन्हा घ्यायचं तर मध्ये साधारण १२ आठवडे लागतात, आणि दर वेळी खर्च. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

मूठ सैल झाली म्हणजे हात कामाला लागला, असं मीही धरून चालले होते. ब्रिटनमध्ये ३३३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०११) इंजेक्शनमुळे हाताच्या कामात ठळक सुधारणा दिसली नाही. तळवा धुणं, बाही चढवणं मात्र सोपं झालं. म्हणून हातात काही पकडता यावं हा हेतू असेल, तर भर सरावावर हवा. मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडत असतील, तर चांगला हात बांधून आखडलेल्या हाताकडून कामं करून घेण्याची पद्धत विचारा. अमेरिकेतल्या २००६ च्या चाचणीत तिचा फायदा दिसला होता. रात्री हात सरळ ठेवायला बांधतात त्या स्प्लिंटवर (आधारपट्टीवर) फार भिस्त ठेवू नका.

ताठरपणा हातापुरता असेल आणि खर्च झेपत असेल, तर मी इंजेक्शनच सुचवेन. आम्ही तेच घेतलं. तिसऱ्या आठवड्यात आईच्या मुठीत नेलकटर सहज गेलं. फक्त तारीख घेण्याआधी फिजिओथेरपिस्टच्या वेळा ठरवून ठेवा. आमचे पहिले पंधरा दिवस त्या शोधण्यातच गेले.