बुद्धिबळातल्या इव्हान्स गॅम्बिटचा व्हिडिओ कोर्स: घ्यावा का?

इटालियन ओपनिंगमध्ये (डावाच्या एका ठरावीक सुरुवातीत) सी३, डी३ करून दहा-बारा खेळ्या नुसती मांडामांड करत बसायचा मला मनापासून कंटाळा आहे. त्यामुळे पांढऱ्या मोहऱ्यांसाठी इव्हान्स गॅम्बिटचा हा कोर्स घेतला. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५ आणि मग सरळ बी४! प्यादं द्यायचं आणि काळ्याचा उंट इकडेतिकडे पळेपर्यंत सी३, डी४ करून मधली घरं बळकवायची.

सुरुवातीला इतिहास आहे. इव्हान्स नावाचा वेल्श कप्तान, मग जर्मन खेळाडू अँडरसनचा १८५२चा गाजलेला डाव वगैरे. माहीत असेल तर पुढे सरका.

खरी मजा आहे ती काळा हावरटपणे तिसरं प्यादंही खातो त्या भागात. वजीर बी३ ला येऊन एफ७ वर डोळा ठेवतो, काळा वजीर एफ६ ला आणतो, आपण ई५ ढकलतो. इथे शिकवणारा व्हिडिओ थांबवून विचारतो, घोड्याने हेही प्यादं खाल्लं तर? हत्ती ई१, काळ्याचं डी६, मग वजीर बी५ शह! ई५ चा घोडा राजासमोर जखडलेला, त्यामुळे त्याला मध्ये येता येत नाही आणि ए५ वर पळालेला काळ्याचा उंट फुकट जातो. अशी कारणं कळली की खेळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

उंट ई७ वर मागे येतो त्या प्रकारासाठी कास्पारोव्ह-आनंद, रिगा १९९५ हा डाव घेतलाय. आनंदचा चाहता म्हणून बघणं जिवावर येतं, २५ खेळ्यांत खेळ खलास. पण आठव्या खेळीला डी४ वर प्याद्याने न घेता वजिराने का घेतलं, हे इतकं नीट समजावलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आता तक्रार. काळ्याने तिसऱ्या खेळीला उंटाऐवजी घोडा एफ६ ला काढला की इव्हान्स गॅम्बिट होतच नाही, आणि असं खेळणारे ढिगाने भेटतात. त्यावर एकच आटोपशीर व्हिडिओ, आणि सल्ला काय, तर डी३! अहो, तेच टाळायला तर पैसे मोजले.

काळ्याने विश्वविजेत्या लास्करच्या नावाने ओळखला जाणारा बचाव निवडला की हल्ला विरतो, वजीर पटावरून जातात आणि आपली ए व सी प्यादी एकटी पडतात. त्यावर सातव्या खेळीला कॅसलिंगऐवजी (राजा-हत्ती एकदम हलवण्याऐवजी) वजीर बी३ सुचवलाय, तो पटला. सराव-चाचणी मात्र हट्टी आहे. तिथे कॅसलिंग केलं की लाल फुली, जणू घोडचूकच! ती खेळी चांगली खेळण्याजोगी आहे. सुदैवाने पीजीएन फाइल (डावांच्या खेळ्यांची नोंद) उतरवून घेता येते, त्यामुळे मी सराव आपल्या विश्लेषण-पटावरच करतो.