चारशे कोरुना जास्तीचे

प्राग का, तर स्वस्त म्हणून. पॅरिसच्या हॉटेलांचे आकडे बघून हिनेच सुचवलं होतं. मे 2024. आधी व्हिएन्नात बहिणीकडे मुक्काम, तिथून रेल्वेने चार तासांत प्राग. जिझ्कोव्ह भागात ओटा-शेगडी असलेली खोली, बॅगेत मेतकूट आणि तांदूळ. तीन दिवसांचा खर्च मी वहीत अगदी ट्रामच्या तिकिटापर्यंत मांडला होता.

ऑस्ट्रियात युरो, प्रागमध्ये चेक कोरुना. स्टेशनातून सामान खोलीवर टाकलं आणि 200 युरो बदलायला वेन्सेस्लास चौकात गेलो. पहिल्याच काउंटरवर युरोला 24 कोरुनांचा भाव लिहिला होता. मी मोबाइलवर बाजारभाव बघत होतो, पावणेपंचवीसच्या आसपास. तेवढ्यात शेजारी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, पन्नाशीचे, आपल्या बँकेतल्या कॅशियरसारखे. "हे लोक लुटतात, मी 26ने देतो." बाजारातच पंचवीसला कमी असताना हा 26 कुठून देणार, हा प्रश्न भाजी घेताना मला नक्की पडला असता. तिथे मात्र मी चारशे कोरुनांचा फायदा मोजत होतो.

त्याने 200ची एक नोट वेगळी काढून दाखवली, उजेडात धरायला लावली. ती खरीच होती. मग 5000ची एक. आकडा ठसठशीत, जांभळट रंग, हिशोब बरोब्बर 5200. दुसरी नोट उजेडात धरून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुकानात पाणी आणि पाव घेतला. काउंटरवरच्या मुलीने 5000ची नोट दोन बोटांनी परत सरकवली. "नो. बेलारूस." 2016मध्ये त्या देशाने जुने रुबल चलनातून काढले, दहा हजाराला एक या दराने नवे आणले. म्हणजे चालती असती तरी माझी नोट अर्ध्या रुबलची!

तेव्हा कुठे नीट पाहिली. अक्षरं रशियनसारखी आणि चित्र इमारतीचं. चेक नोटेवर माणसाचा चेहरा असतोच, 200वर दाढीवाले कोमेन्स्की, 5000वर मासारिक. खिशात दोन्ही नोटा शेजारी शेजारी होत्या, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

चौकात परत धावलो. तो कशाला थांबतोय! काउंटरवरच्या बाईने शांतपणे विचारलं, "पावती?" 2019पासून तिथे कायदा आहे: परवानाधारक दुकानात 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करून पैसे परत मागता येतात. भाव वाईट निघाला तरी. पण पावती हवी. आणि रस्त्यावर उभा राहून नोटा बदलणारा माणूस तिकडे बेकायदाच, हेही मला तेव्हाच कळलं.

मग वैतागून समोरच्या एटीएममधून 4000 कोरुना काढले. मशीनने विचारलं, रक्कम रुपयांत वळती करून खात्यातून कापू का? आपले रुपये दिसल्यावर बरं वाटलं, 'हो' दाबलं. कोरुनाला 4 रुपये 15 पैसे पडले, तेव्हा भाव साडेतीन-पावणेचारच्या मध्ये होता. तिथे 'नाही' दाबायचं असतं. पैसे तरीही मिळतात, फक्त भाव आपली बँक लावते.

उरलेले दोन दिवस कार्ड हिच्या पर्समध्ये होतं.