जहाजं दाखवणारं अ‍ॅप – कान्होजींच्या हातात पडलं असतं तर!!

अलिबागच्या किनाऱ्यावर बसून समोर जहाज दिसलं की लगेच अ‍ॅप उघडायची सवयच लागलीय, नाव काय, कुठल्या देशाचं, स्पीड किती, चाललंय कुठे, सगळं मॅपवर येतं. समोर कुलाबा किल्ला, त्यामुळे डोक्यात एकच, हे कान्होजी आंग्र्यांकडे असतं तर काय धमाल! त्यांचं दस्तक, म्हणजे समुद्रात जायचा परवाना, घेतल्याशिवाय जहाज जाऊ द्यायचे नाहीत, इंग्रजांचं का असेना. आता काय, आलं जहाज टप्प्यात की नोटिफिकेशन, दस्तक भरलंय का चेक, नसेल तर क्यूआर कोड पाठवा, तरी ऐकलं नाही तर गलबतं आहेतच 😄 १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, ते तर अ‍ॅप नसताना.

पण एक घोळ आहे. अ‍ॅपला जहाज कळतं ते एआयएस सिग्नलवरून, म्हणजे जहाज स्वतःच आपलं नाव-जागा रेडिओवर सांगत असतं, आणि तो ज्याने सुरू ठेवलाय तोच दिसतो, नियमाने तो ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना लागतो, म्हणून आपल्या कोळ्यांच्या छोट्या होड्या बहुतेक गायबच. आता कान्होजी स्वतःच्या गुराबांवर, म्हणजे लढाऊ जहाजांवर, तो चालू ठेवतील होय? शक्यच नाही!

फुकटवालं व्हर्जन मात्र वैताग, मध्येच जाहिरात येते आणि जहाज कधीकधी मागच्याच जागी अडकलेलं दिसतं, आपण समोर बघतोय ते केव्हाच पुढे गेलेलं असतं. बॅटरीपण खातं. पैसे भरून घ्यायची गरज नाही, टाइमपासला मस्त, साडेतीन स्टार.