बाहुली भंगारातून घ्यावी की अँटिकच्या दुकानातून?

मैत्रिणीच्या लेकीने परवा विचारलं, "मावशी, मलाही जुन्या बाहुल्या जमवायच्यात. पाच हजार साठवलेत. अँटिकवाल्याकडे जाऊ का?" मी म्हटलं, आधी भंगारवाल्याकडे जा. तिचं तोंड पडलं.

नागपुरात महाल-इतवारीतले जुने वाडे पडतात तेव्हा माळे रिकामे होतात. पितळ एका ढिगात, रद्दी दुसऱ्या, आणि बाहुली प्लास्टिकच्या गोणीत. अशाच एका गोणीतून मी एक ओढून काढली. "भाऊ, केवढ्याला?" तर त्याने ती सरळ काट्यावर टाकली. 340 ग्रॅम. "प्लास्टिक है दीदी, साठ दे दो." आडवी केली तर एक डोळा मिटला, दुसरा टक्क उघडा, आणि डोक्यात काहीतरी खुळखुळत होतं. मिटणाऱ्या डोळ्यांमागे शिशाचं वजन असतं, त्याच्या भाराने पापणी खाली येते. ते निसटलं होतं. साठ रुपयांत मी बाहुलीचं डोकं आतून कसं असतं ते शिकले. दुकानदार तुम्हाला त्याची बाहुली असं हलवू देईल का?

भंगाराचे तोटे उघड आहेत. कपडे नसतात, केस कुणा पोरीने कधीच भादरलेले असतात. गालावर बॉलपेनची शाई असेल तर सोडून द्या. मऊ प्लास्टिकमध्ये ती मुरते, मग घासून गाल जातो पण शाई जात नाही. मातीची बाहुली तुटकी मिळाली तर चितार ओळीत, म्हणजे मातीच्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या गल्लीत, रंगवून घ्यायचा मोह होतो. घरात ठेवायला ठीक, पण जुना रंग गेला की संग्राहकाच्या लेखी तिची किंमतही गेली.

दुकानात माल निवडलेला, पुसलेला मिळतो. भाव जास्त, ते समजू शकतं. डोकेदुखी आहे ती मालाबरोबर मिळणाऱ्या कथेची. एका दुकानात (नाव कशाला घेऊ) मी "शंभर वर्षांची जर्मन" म्हणून 4,500 मोजून एक चिनीमातीची बाहुली आणली. घरी केसांचा टोप उचलला तर मान गुळगुळीत, कोरलेला एक आकडा नाही. जुन्या जर्मन डोक्यांवर मागच्या बाजूला सहसा साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. आर्माँ मार्सेय या कारखान्याचा 390 तर इतका सर्रास सापडतो की तो दिसला म्हणून हुरळून जायचंही कारण नाही. दुकानदार टोप उचलू देत नसेल तर उठून या.

दुसरी कथा बार्बीची. बार्बी आली 1959 मध्ये. पाठीवर 1966 दिसलं की दुकानदार "साठच्या दशकातली" म्हणून भाव लावतो. ते साल शरीराच्या साच्याच्या हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं, बाहुली बनल्याचं नाही. पुढे कित्येक वर्षं, नव्वदच्या दशकात आपल्याकडे बनलेल्या बाहुल्यांवरसुद्धा, तेच छापत राहिले. सालाखाली देशाचं नाव बघा. कानात धातूचे डूल असतील तर कानाच्या पाळीभोवती हिरवट डाग आहे का तेही बघा. तांब्याचा तो गंज प्लास्टिकमध्ये पसरत जातो.

एका बाबतीत मात्र दुकानच बरं. ठकी, म्हणजे आपली जुनी लाकडी बाहुली, हवी असेल तर भंगारात शोधू नका. लाकूड गोणीपर्यंत पोचतच नाही, आधीच चुलीत जातं. पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे जुने लाकडी नंदी घराघरांत जपून ठेवतात, ठकीला ते भाग्य नाही. चांगली दिसली तर घासाघीस जपूनच करा.

आणि कुठूनही आणा, खरी परीक्षा नागपूरच्या मे महिन्यात. भुसा आणि सरस कालवून केलेल्या बाहुल्या कूलरसमोर ठेवाल तर मेल्या. ओल आणि उष्मा आलटून पालटून लागला की वरच्या रंगाला जाळीसारख्या चिरा पडतात. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या हलक्या प्लास्टिकची, असेल तर भीती वेगळी. अंगठ्याने घासून गरम केली की कापरासारखा वास येतो, कारण तिच्यात कापूर असतोच, आणि ठिणगी लागली की ती भुर्रकन पेट घेते. गरम सुईची परीक्षा कुणी सुचवली तर हात जोडा. अशी बाहुली देवघराच्या खोलीत नको, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच.

म्हणून माझा हिशेब असा: पहिलं वर्ष भंगार, पाचशेच्या आत, दहा-बारा बाहुल्या हाताखालून जाऊ द्या. उरलेले साडेचार हजार एकाच दुकानातल्या एकाच बाहुलीसाठी, आणि तीही जिची मान तुम्हाला वाचता आली तरच.

रविवारी ती पोरगी भंगारवाल्याकडे गेली. चाळीस रुपयांत एक हात लोंबणारी घेऊन आली आणि विचारते, "मावशी, आतलं रबर कुठे मिळतं?" शिवणाच्या सामानाच्या दुकानात गोल इलॅस्टिक माग म्हटलं. जाड घे, पण फार ताणू नकोस, खांद्याचं भोक फाटतं.